राजाक्काचं तेल

राजाक्कासमोर उघड्या डोक्यानं जायची सोय नव्हती. लग्न असो, बारसं असो, मागून दोन बोटं यायची आणि थेट तुमच्या केसांत शिरायची. परवानगीची भानगड नाही. बोटं टाळूवरून फिरायची, एक बट ताणून सोडायची, ती उडी मारून जागेवर जाते का ते पाहायची, आणि मग नाकाशी जायची. एक दीर्घ श्वास. आणि त्यानंतर मांडवातल्या शेवटच्या खुर्चीला ऐकू जाईल अशा आवाजात निकाल.

मलकापूरच्या एका लग्नात तिनं नवरदेवाची चुलतबहीण अशीच पकडली. मुलगी कुरळ्या केसांची, नटूनथटून करवल्यांत मिरवत होती. राजाक्कानं बोटं नाकाशी नेली आणि तिचे डोळे मोठे झाले.

"मोहरीचं तेल? अगं पोरी, तू काय लोणचं हायस व्हय?"

"मोबाइलवर सांगितलं होतं," मुलगी पुटपुटली.

"मोबाइलला केस हायत का?"

ती मुलगी पंगतीला बसलीच नाही. पण पुढच्याच सुट्टीत पलूसला राजाक्काच्या पायरीवर मांडी घालून, डोकं पुढं करून बसलेली मी तिला या डोळ्यांनी पाहिलंय.

राजाक्का म्हणजे राजमती चौगुले, पलूसला आमची शेजारीण. जैनांचं खातंपितं घर, मागं द्राक्षाची बाग, पुढं दोन पायऱ्या. त्या पायऱ्यांवर तिचा दरबार. नवरा भूपालअण्णा, इतका गरीब माणूस की बायकोचा आवाज चढला की तो वर्तमानपत्र वर करायचा. आम्हाला लहानपणी वाटायचं, अण्णांना तोंड नाहीच, नुसत्या बातम्या आहेत. आणि राजाक्काचे स्वतःचे केस! काळेभोर, घट्ट कुरळे, अंबाड्यात मावायचे नाहीत म्हणून ती त्यांना दोन काटे आणि एक शिवी देऊन बसवायची.

तिचं पहिलं गिऱ्हाईक मीच. माझे केस हे आमच्या घरावरचं संकट होतं. वडील मिलिटरीत, आई एकटी, सकाळी शाळेची घाई आणि माझ्या डोक्यावर बाभळीचं बन. आई बारीक दातांचा कंगवा घेऊन कोरड्या केसांवर वरून खाली तुटून पडायची आणि मी अशी बोंब ठोकायचे की एसटी स्टँडवरची माणसं माना वळवायची. त्यातली अर्धी बोंब शाळा बुडावी म्हणून असायची, पण अर्धी खरी होती. एका सकाळी राजाक्का कुंपणाची तार वर करून आत आली, आईच्या हातातला कंगवा काढून घेतला, उलटासुलटा करून पाहिला आणि गटारात टाकला.

"आवं अक्का, नवा हाय त्यो!" आई ओरडली.

"असू दे. पोरीचं डोस्कं हाय ह्ये, ढेकळाचं रान न्हवं कुळव माराय."

मग तिनं मला पायरीवर बसवलं. केस आधी पाण्यानं ओलसर केले. तळहातावर खोबरेल घेतलं, दोन्ही हात एकमेकांवर चोळले आणि शेंड्यापासून सुरुवात केली. कंगवा नाही, बोटं. खालची गाठ सुटली की वरची, मग तिच्या वरची. प्रत्येक गाठीला एकच प्रश्न.

"दुखतंय का?"

मी शूरपणे म्हणाले, "नाही." डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

तिनं हात थांबवला. "मंगल, हितं खोटं बोलायचं न्हाई. दुखलं तर दुखलं म्हनायचं. तू खोटं बोललीस तर मला कसं कळायचं हात कुठं थांबवायचा?"

पुढं तिच्या पायरीवर बसणाऱ्या प्रत्येक पोरीला हा कायदा लागू होता. बाहेर काय वाटेल त्या थापा मारा. राजाक्काच्या गुडघ्यांमध्ये डोकं असताना खरं बोलायचं.

तेलाबद्दल तिची मतं म्हणजे आमच्या गल्लीचं संविधान. स्वयंपाकघरात एक कपाट फक्त तेलांचं. त्यात साखरेचा डबा ठेवला म्हणून तिनं सख्ख्या नणंदेशी वर्षभर अबोला धरला होता. "कुरळा केस रुसलेला असतोय," ती सांगायची. "डोस्क्याचं तेल सरळ केसावनं घसरगुंडीगत खाली येतंय. कुरळ्याच्या वळनावळनानं कुठवर जाईल त्ये बिचारं? शेंडं उपाशी ऱ्हात्यात. त्यास्नी आपुन वरनं द्यायचं आन समजूत घालायची." समजूत घालणं हा तिचा लाडका शब्द. ओढायचं नाही, समजूत घालायची.

खोबरेल तिच्या लेखी घरचं माणूस. थंडीत थिजलं तर बाटली कंपाउंडच्या भिंतीवर उन्हात ठेवायची, गॅसवर कधीही नाही. तिळाचं तेल गार पडलेल्या टाळूला. शेंगतेल भाजीला. आणि एरंडेल हा पाहुणा. "चार वाट्या दुसऱ्या तेलात एक वाटी एरंडेल. जास्त घातलंस की मुक्काम ठोकतंय. एका धुन्यात जायाचं न्हाई, दोन धुन्यांत जायाचं न्हाई." डोक्यात कोंडा असेल तर टाळूला तेल बंद, नुसते शेंडे भिजवायचे. न्हाण्याआधी तासभर लावायचं, चार दिवस थापून फिरायचं नाही. जी बाई तेल निथळत बाजारात जाई, तिला ती लांबून हाक मारायची, "अगं, उशी तळायला चाललीस का?"

तिची एकुलती एक लेक अमृता. आईचेच केस, पण आईपेक्षा दाट. उन्हात उभी राहिली की डोक्याभोवती काळा ढग दिसायचा. औषधाचं शिक्षण घेऊन ती शिरवळच्या एका कारखान्यात लागली होती. तिथं दिवसभर केस टोपीत कोंडायला लागायचे. शनिवारी ती पलूसला यायची तेव्हा केस चपटे, टोपीच्या रबराचा वळ कपाळावर. रविवारी सकाळी पायरीवर मायलेकींचं जे चालायचं, ते ऐकायला मी मुद्दाम सांगलीहून यायचे. सासर सांगलीचं असलं तरी रविवारचं मनोरंजन पलूसला होतं.

"आई, लोक आता जोजोबाचं तेल लावतात. हलकं असतं. आणि आर्गन."

"कुठं पिकतंय त्ये?"

"आर्गन मोरोक्कोत."

"मग मोरोक्कोतल्या पोरींस्नी लावू दे. आपल्याकडं नारळ मेलेत व्हय?"

पण पुढच्या रविवारी कपाटात जोजोबाची चिमुकली बाटली दिसली, मागच्या रांगेत, एरंडेलाच्या आड लपवलेली. विचारलं तर म्हणाली, "ह्ये अण्णांच्या गुडघ्याला हाय." अण्णांनी वर्तमानपत्र वर केलं.

अमृताला बघायला सांगलीची मंडळी आली, तो दिवस मी सोडणार नव्हते. मुलगा इंजिनीअर, दिसायला बरा, फक्त नाक उजवीकडं थोडं वळलेलं. पोहे झाले. मुलाची आत्या बराच वेळ अमृताच्या डोक्याकडं पाहत होती. शेवटी गोड आवाजात म्हणाली, "बाकी सगळं छान आहे. केसांचं काय, आजकाल पार्लरमध्ये सरळ करून मिळतात. लग्नाआधी करून घेतलं की झालं."

 आत अण्णांचं वर्तमानपत्र वर गेल्याचा आवाज आला.

राजाक्का आत्याहूनही गोड हसली. "व्हय की. करून घिऊ. तुमच्या पोराचं नाक बी कुठं सरळ करून मिळतंय का बघा, म्हंजी एकाच गाडीनं दोघं जातील."

अमृताला हसू आवरलं नाही. ती पदर तोंडाशी घेऊन आत पळाली आणि आम्ही दोघी मोरीत उभ्या राहून पोट धरून हसलो. स्थळ अर्थातच गेलं. राजाक्का आठवडाभर छाती काढून गल्लीतून फिरली. आता मला त्या हसण्याची चव आठवते ती वेगळीच.

त्याच वर्षी गावात साध्वींचा चातुर्मास झाला. अमृता सुट्टीच्या दिवशी प्रवचनाला जायला लागली, मग सुट्टी घेऊन जायला लागली. एकवेळ जेवण सुरू झालं. रंगीत कपडे कमी झाले. कुणी तिला भरीला घातलं नव्हतं. उलट तिचा चेहरा असा निवळत गेला की आम्हा संसारी बायकांना तिच्याकडं पाहून आपलंच काहीतरी चुकतंय असं वाटायचं. एक दिवस तिनं नोकरी सोडली आणि घरी येऊन सांगितलं, मला आर्यिका दीक्षा घ्यायची आहे, साध्वी व्हायचंय.

अण्णा रडले. नातेवाईक रडले, मग अभिमानानं फुलले. राजाक्कानं एकच प्रश्न विचारला.

"आन केस?"

लोक हसले. गल्लीत तो विनोद कितीतरी दिवस चालला: लेक संसार सोडून निघालीय आणि आईला केसांचं पडलंय. पण जैन घरात सगळ्यांना माहीत असतं, दीक्षेत केस कापत नाहीत. हातानं उपटतात. आधी बोटभर आखूड करून घेतात आणि मग चिमटी-चिमटीनं, सगळ्यांसमोर. आणि एकदाच नाही. पुन्हा वाढले की पुन्हा, आयुष्यभर. राजाक्कानं त्या डोक्याला पाळण्यापासून "दुखतंय का" विचारलं होतं. ती केसांना रडत नव्हती.

समोरच्या घरातली कमल मात्र भर रस्त्यात म्हणाली, "केसांपायी सोयरीक मोडली अक्का तुमी. आता केस बी गेलं न् पोरगी बी." राजाक्काला उलट उत्तर देताना मी आयुष्यभर पाहिलंय. त्या दिवशी तिनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि ती घरात निघून गेली.

दीक्षेच्या आधी राजाक्का कपाट उघडून बसायला लागली. बाटल्या काढायची, वास घ्यायची, परत ठेवायची. मला म्हणाली, "मंगल, मी इचार करून ठेवलाय. मुळं सैल झाली की केस अलगद येतील. वंगन दिल्यावर गंजका खिळा बी निघतोय. खोबरेल वरच्या वर ऱ्हातंय. तिळाचं घेते, त्यात एरंडेल. निम्मं निम्मं."

"निम्मं? अक्का, चारात एक म्हणायचीस ना?"

"ह्या टायमाला जास्तच पायजे. मुळापातूर जायाला पायजे."

तिला कुणी काही बोललं नाही. पलूसमध्ये तेलाच्या बाबतीत राजाक्काला शिकवायची कुणाची छाती होती? मलाही तिचं म्हणणं पटलं होतं. गंजका खिळा मीही पाहिलेला होता.

आदल्या दिवशी दुपारी केस आखूड झाले होते. आखूड झाल्यावर ते आणखीच कुरळे झाले, बालवाडीतल्या पोरीसारखे. राजाक्कानं अमृताला शेवटचं पायरीवर बसवलं. हातात वाटी. तेलाचा दाट, पिवळा वास. अमृतानं वाटीकडं पाहिलं, मग आईकडं. काहीतरी बोलायला तिचं तोंड उघडलं आणि मिटलं.

"लाव," ती म्हणाली.

राजाक्कानं तेल लावलं. टाळूवर, कानामागं, मानेवर, एकेका मुळाशी. गाठी नव्हत्याच, तरी बोटं गाठी शोधत फिरत होती. पुढं मिरवणूक होती, वाजंत्री होती, पोरीला नवरीसारखं सजवलं होतं. सकाळी मंगलस्नान झालं, पण मुक्काम ठोकलेला पाहुणा डाळीच्या पिठाला थोडाच दाद देतो?

मांडव भरला होता. दीक्षा देणाऱ्या महाराजांनी आई-वडिलांची अनुमती विचारली. अण्णांनी हात जोडले. राजाक्का उठून उभी राहिली आणि लग्नात निकाल द्यायची त्याच आवाजात म्हणाली, "व्हय." लोकांनी जयजयकार केला.

मग केस उपटायला सुरुवात झाली. एक वयस्कर साध्वी, माताजी, पुढं झाल्या. चिमटीत केस यावेत, बोटं निसटू नयेत म्हणून डोक्याला राख लावतात. त्यांनी राख लावली, चिमूट धरली, ओढली. चिमूट सुटली. पुन्हा धरली, पुन्हा सुटली. त्यांनी बोटं एकमेकांवर चोळून पाहिली. आणखी राख घेतली. राखेचा काळा चिखल झाला. केस अर्ध्यातून तुटत होते, मूळ आतच राहत होतं, मग त्याच जागी पुन्हा नखं रुतवायला लागत होती. जे एका झटक्यात व्हायचं, त्याला चार-चार झटके. टाळूवर लाल ठिपके उमटले. माझ्या पुढच्या रांगेतली एक बाई शेजारणीला हळूच म्हणाली, "तेल लावलंय की काय हिला? कोरडं ठेवायचं असतं की. आठ दिवस तेलाचा थेंब लावायचा नसतो."

राजाक्का माझ्या शेजारी होती. तिनं ते ऐकलं.

अमृता हलली नाही. चेहरा शांत, ओठ किंचित हसरे. फक्त कानामागचे केस ओढले तेव्हा डावी पापणी उडाली. प्रत्येक चिमटीला लोक जयजयकार करत होते आणि राजाक्काची बोटं मांडीवर, पदराखाली, शेंड्यापासून वर, शेंड्यापासून वर, एक एक गाठ सोडवत होती.

नंतर आई-वडिलांचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ. एका बाईंनी भाषणात सांगितलं, धन्य ती माता जिनं लेकीला इतकं सोसायला शिकवलं. राजाक्का नारळ मांडीवर घेऊन बसली होती. मी तिच्याकडं पाहिलं नाही.

घरी आल्यावर ती हात धुवत राहिली. साबण, डाळीचं पीठ, शेवटी राख. पुढं तिनं स्वतःच्या केसांना तेलाचं बोट लावलं नाही. बघता बघता ते पांढरे आणि कोरडे झाले, उन्हाळ्यातल्या गवतासारखे. पायरीवर पोरी येऊन परत गेल्या. कपाटात साखरेचा डबा आला. उरलेलं एरंडेल अण्णांनी फाटकाच्या बिजागरीला घातलं. कित्येक वर्षं करकरणारं ते फाटक गप्प झालं, त्यामुळं आता त्या घरात कोण आलं आणि कोण गेलं, कळतच नाही.

राजाक्काची आणि माझी शेवटची भेट गेल्या थंडीतली. साध्वींचा संघ पायी चालत जवळच्या गावी येऊन थांबला होता. दीक्षेनंतर तिनं लेकीला पाहिलं नव्हतं. मी तिला स्कूटरवर मागं बसवून नेलं.  अर्ध्या रस्त्यात ती माझ्या कानाशी म्हणाली, "तिला म्हाईत हुतं गं."

"काय?"

"तेल लावायचं नसतंय म्हनून. आदीच सांगितलं हुतं म्हनं तिला माताजींनी. एका बाईनं सांगितलं मला, लय दिसांनी. तरी 'लाव' म्हनली."

मी स्कूटर हळू केली. 

मंदिराच्या ओवरीत दुपारच्या दर्शनाची रांग होती. पांढऱ्या साडीत अमृता बसली होती. तिचं नाव आता दुसरं आहे, ते मी इथं लिहीत नाही, कारण राजाक्काच्या तोंडून ते मी कधी ऐकलं नाही. केस पुन्हा वाढले होते. कपाळाशी पदराच्या कडेनं बारीक, राखट, कोरडे वेटोळे डोकावत होते. ती माणसांशी छान बोलत होती. एका म्हातारीला गुडघ्याचं विचारलं, एका मुलीला पाठांतर म्हणायला लावलं, चुकलं तेव्हा हसली. अगदी पूर्वीसारखी.

राजाक्काचा नंबर आला. पोटच्या पोरीपुढं तिला वाकायचं होतं, "माताजी, वंदामि" म्हणायचं होतं. घरून निघताना ती ते दोनदा म्हणूनही आली होती. ती गुडघ्यांवर बसली, डोकं जमिनीला टेकवलं, वर केलं. लेकीच्या कपाळावरच्या त्या वेटोळ्यांकडं पाहिलं. आणि शिकवलेलं सगळं विसरून, पायरीवरच्या आवाजात विचारलं,

"दुखलं का गं?"

रांगेतल्या बायका चपापल्या. अमृतानं आईच्या डोळ्यांत पाहिलं. ओठ हलल्यासारखे वाटले. मग तिनं मोरपिसांची पिच्छी उचलली, सगळ्यांना देत होती तोच आशीर्वाद दिला, आणि मागची बाई पुढं आली.

आम्ही बाहेर आलो. राजाक्का चपला शोधत होती. समोर होत्या, तरी शोधत होती. मी म्हटलं, "अक्का, त्यांना नियम असतील. जुन्या नात्याचं बोलत नसतील."

"न्हाई," ती म्हणाली. तिनं एक चप्पल पायात घातली. "आर्यिकेला खोटं बोलता येत न्हाई, मंगल. म्हनून गप ऱ्हायली."